सोमवारचं फडकं

मावशी हॉस्पिटलच्या तळघरात एकोणीस वर्षं साफसफाई करत होत्या. तिथे किरणोत्सारी औषधं ठेवायची एक खोली आहे. मी तिथली टेक्निशियन.

एका सोमवारी मी कुलूप उघडलं, मावशींनी टेबलावरचं प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने पुसलं. मी सवयीने फडक्याजवळ किरणोत्सार मोजायचा मीटर धरला, तर तो कडकडायलाच लागला. मिनिटाला चारशे वीस ठोके.

सुपरवायझर धावत आले आणि खापर मावशींवर फोडून मोकळे झाले. "औषध सांडलं असणार, आणि तुम्ही ते फडक्याने सगळीकडे फासलंत. उद्यापासून इकडे फिरकू नका."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "साहेब, शुक्रवारी पुसून झाल्यावर ताईंनी मोजलं, काही नव्हतं. कुलूप त्यांनीच लावलं, आज त्यांनीच उघडलं. मग सांडायला आलं कोण?" मग माझ्याकडे वळल्या. "मागच्या जोडसुट्टीनंतरही असंच वाजलं होतं ना? दुपारी मोजलंत तर गायब. तुम्ही मीटरला नावं ठेवलीत. आज फडकं इथेच ठेवा, मोजत राहा."

मी ओशाळले, पण मोजायला बसले. चाळीस मिनिटांनी दोनशे पाच. आणखी चाळीस मिनिटांनी शंभराच्या आत. आमच्या औषधाचा किरणोत्सार निम्मा व्हायला सहा तास लागतात, आणि हे तर डोळ्यांदेखत ओसरत होतं. दोन-दोन पायऱ्या चढत मी वरच्या मजल्यावरच्या किरणतज्ज्ञांना गाठलं आणि खाली घेऊन आले.

आकडे बघताच त्यांचे डोळे चमकले. "हे औषध नाहीच. हा रेडॉन. जमिनीतून फटींवाटे वर येणारा किरणोत्सारी वायू. सुट्टीत पंखा बंद, दार बंद, म्हणून तो आत साठतो. त्याच्यापासून झालेले, झटपट ओसरणारे कण धुळीला, भिंतींना चिकटतात. प्लॅस्टिक तर त्यांना ओढूनच घेतं. पण फट कुठे असेल?"

"कपाटामागे," मावशी लगेच म्हणाल्या. "तिथे झाडताना पायाला गार हवा लागते."

आम्ही तिघांनी जोर लावून कपाट सरकवलं. भिंत आणि लादी यांच्यामध्ये बोटभर रुंद भेग निघाली. मावशींना हसू आवरेना, मलाही.

त्याच आठवड्यात भेग बुजवली, पंखा सुट्टीतही चालू ठेवला. पुढच्या सोमवारी मीटर अधूनमधून टिकटिकला, नेहमीइतकाच. सुपरवायझर खाली आले, दारात घुटमळले. "मावशी, माझं चुकलं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "पण तिथेच थांबा, लादी ओली आहे."