लाल कार्ड

"पुन्हा? आत्ताच गेली होतीस ना? घरून डायपर लावून येत जा."

सुपरवायझर लाइनवर उभा राहून मला बोलला. हळू नाही. तीस बायका ऐकत होत्या. त्यातल्या काही हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

अंबडची कंपनी. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम. जुडगा करायचा, क्लिपा लावायच्या, पुढे सरकवायचा. आठ तास उभ्याने. मला सहावा महिना लागला होता. लघवीला जायचं तर खिळ्याला टांगलेलं लाल कार्ड गळ्यात घालून जायचं. कोण गेली ते कॅमेऱ्यात दिसायला हवं म्हणून. तीस बायकांत कार्ड एकच. पुरुषांच्या लाइनला कार्ड नव्हतं. ते तंबाखू थुंकायलाही बाहेर जायचे.

मी म्हणाले, "सर, दिवस गेलेत मला. दाब येतो."

"मग घरी बस. वस्तीत नळाला रांग लावताच ना? इथे लावायला काय होतं?"

आमची वस्ती बौद्धांची. ते त्याला माझ्या फॉर्मवरून माहीत होतं. त्याने जात काढली नाही, नळ काढला. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

बायकांनी आपसांत नंबर ठरवले होते. पाळी आलेली बाई पहिली. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण कुणी मोडायचीही नाही. गरोदर बाईचा नंबर मात्र त्यात नव्हता. कारण गरोदर आहे असं कुणी सांगायचंच नाही. ठेकेदाराला कळलं की ब्रेक. म्हणजे उद्यापासून येऊ नको. मी मोठ्या मापाचा ॲप्रन मागून घेतला आणि पाचव्यापर्यंत पोट लपवलं. त्यामुळे मी दोनदा कार्ड घेतलं की शेजारची पुटपुटायची, "हिच्यामुळे आमचा नंबर जातो." तिचं तरी काय चुकलं? तिलाही लागलेलीच असायची.

माणसं कमी होती म्हणून सुपरवायझरने ठेकेदाराला कळवलं नाही, पण डायपरच्या त्या बोलण्यानंतर मी उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग थेट घरी. भरलेली बाटली तशीच परत न्यायचे. मला वाटलं, जिंकले.

थोड्या दिवसांत लघवीला जळजळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली. धण्या-जिऱ्याचं पाणी पी." मी प्यायचे, पण फक्त सुट्टीच्या दिवशी. वस्तीत फिरणाऱ्या आशाताईंनी लघवी तपासायला डबी दिली होती, चिठ्ठी दिली होती. दवाखाना सकाळचा, ड्युटीही सकाळची. आधीच दोन खाडे झाले होते. ती डबी फळीवर राहिली.

तेव्हा ऑफिसातल्या मॅडमही गरोदर होत्या. त्यांना बसायला खुर्ची, आत स्वतःचं बाथरूम. त्यांचं डोहाळजेवण कॅन्टीनमध्ये झालं. आम्हाला एकेक पेढा आणि टाळ्या वाजवायला पाच मिनिटं मिळाली. मॅडम वाईट नव्हत्या. माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "पाणी भरपूर प्यायचं हं." मी मान हलवली.

सातव्या महिन्यात एके दिवशी कंबर धरायला लागली. धरायची, सोडायची. उभं राहून राहून दुखतंय, असं मी स्वतःला समजावलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पायावरून ऊन काही ओघळलं. सलवार भिजली. मला वाटलं, झाली. शेवटी झालीच लघवी. आता हा बघेल. आता सगळ्यांदेखत डायपरचं पुन्हा काढेल. मी फडकं खाली टाकलं, पायाने जमीन पुसली, ॲप्रन पुढे ओढला आणि क्लिपा लावत राहिले. ड्युटी संपेपर्यंत. दोन तास.

ते गर्भाचं पाणी होतं.

मुलगी सरकारी दवाखान्यात झाली. एक किलो तीनशे. काचेच्या पेटीत ठेवली. माझ्या हाताएवढीही नव्हती. पुढे तिला छातीशी उघड्या अंगाने धरून बसायला शिकवलं. मी तासन्‌तास बसायचे आणि माझ्याच अंगाचा मला राग यायचा.

एक तरुण डॉक्टरताई होत्या. ओरडल्या नाहीत. विचारलं, "जळजळ किती दिवस होती?" मी सांगितलं. पाण्याचं सांगितलं. कार्डाचंही सांगितलं. त्यांनी सगळं केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "यानेच झालं, असं छातीठोक नाही सांगता येत. कित्येकदा कारण सापडतच नाही. पण लघवीत जंतू होते. वेळेवर तपासून गोळ्या मिळाल्या असत्या तर धोका कमी झाला असता. जळजळ होणं, कंबर धरून सोडणं, पोट दगडासारखं होणं, पाणी जाणं. यातलं एक जरी झालं तरी तडक यायचं. थांबायचं नाही."

मी दोन तास थांबले होते. लाजेने.

मुलगी जगली. आता चार वर्षांची आहे. उशिरा चालली. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा आहे, झोपेतून उठली की आधी तो चाचपते. वर्षभराने मी त्याच लाइनवर परत गेले. दुसरं कुठे घेईनात. सुपरवायझर म्हणाला, "वाचली ना? मग झालं." मी ॲप्रन घालून लाइनवर उभी राहिले. थकले होते. ही चार वर्षं मी नुसती थकलेलीच आहे.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारी साबिया आली. वडाळ्याची पोरगी, नवं लग्न. तिने मोठ्या मापाचा ॲप्रन मागून घेतला. मी बघितलं. तिची बाटली ड्युटी सुटताना भरलेली. तेही बघितलं. एका सकाळी विचारलं,

"साबिया, कितवा?"

तिने इकडंतिकडं पाहिलं. "पाचवा. ताई, कुणाला बोलू नका."

"पाणी का नाही पीत?"

"ड्युटीवर पीतच नाय मी. मग टेन्शनच नाय ना."

माझे हात क्लिपांवर थांबले. हेच, अगदी हेच मला सुचलं होतं. शहाणपण म्हणून.

"जळजळ होते?"

ती खाली बघायला लागली.

मी तिची बाटली उघडून तिच्या हातात दिली. ती प्यायली, घटाघटा. कार्ड कुणाच्या तरी गळ्यात होतं. मी साबियाचा हात धरला आणि निघाले.

सुपरवायझर आडवा आला. "कार्ड?"

"नाही घालणार."

"काय?"

"हिला लघवीला न्यायचंय. मग दवाखान्यात. कार्ड नाही घालणार. हीपण नाही, मीपण नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहुतेकींनी माना खाली घातल्या. एकीने तेवढं आमच्या दोघींचं काम आपल्याकडे ओढून घेतलं. माझ्यामुळे नंबर जातो म्हणून पुटपुटायची, तीच ती. दवाखान्यात साबियाला गोळ्या मिळाल्या आणि परत येताना ती म्हणाली, "आता लपवायचं नाय, ताई."

दुसऱ्या दिवशी मला कागद मिळाला. परवानगीशिवाय जागा का सोडली, लेखी खुलासा द्या. खाली लिहायला चार रेघा. ब्रेक मिळणार, हे मला कळत होतं. घरी दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मला भीती वाटत होती, अजून वाटते.

मी ऑफिसात जाऊन उभ्याउभ्याच लिहिलं. सुवाच्य अक्षरात, म्हणजे नंतर कुणी वाचता आलं नाही असं म्हणायला नको.

"लघवीला गेले होते. शेजारची बाई गरोदर आहे, तिलाही नेलं. उद्या पुन्हा नेणार आहे."

खाली पूर्ण नाव. सही.