ताडपत्रीमागचा हात

“यो वाडीवरचा मशिनीवर कसा काय? हळदीचं घर हाय. याला मागं घ्या.”

नवरदेवाचा काका भर मांडवात बोलला. आमच्या आदिवासी वस्तीला सगळे नुसतं ‘वाडी’ म्हणतात. मी आवाज तपासत होतो, हात मिक्सरवर होते. आमचा शेठ, म्हणजे डीजेचा मालक, हसला. म्हणाला, “काका, वायर बघायला आलाय तो.”

मी हात काढले. वायर बघितल्यासारखं केलं.

त्याच दिवशी स्पीकरच्या भिंतीमागे निळी ताडपत्री बांधली गेली. पुढे ती कायमची झाली. पनवेलपासून उलव्यापर्यंत प्रत्येक हळदीत समोर शेठचा भाचा उभा असे. काळा चष्मा, गळ्यात हेडफोन, हात वर. त्याच्या मशिनीचे दिवे लागत. आवाज मात्र ताडपत्रीमागच्या माझ्या मशिनीतून जाई.

मला वाटलं, अजून चांगलं वाजवायला हवं. इतकं चांगलं, की शेठला मला समोर आणावंच लागेल.

म्हणून शिकत गेलो. हळदीची जुनी गाणी बेंजो पार्टीने वाजवलेली. वाजवणारे रंगात येतात, गाणं मध्येच पळतं. बटण दाबून दोन गाण्यांची लय जुळवली, तरी थोड्याच वेळात ठोके एकमेकांवर आदळतात. मी बटण सोडलं. एक गाणं कानात, एक बाहेर. पळणारं बोटाने मागे ओढायचं. नवं आत घेण्याआधी जुन्याचा बेस काढायचा. गाणाऱ्याची ओळ तोडायची नाही. नाचणारे मला दिसत नसत. मी चपला काढून बसायचो. लोक थकलेत की पेटलेत, ते जमीन तळव्यांना सांगायची.

सर्वांत अवघड धवला. हळद लावताना धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, वाद्याशिवाय धवला गाते. तोवर डीजे बंद असतो, मग धाडकन सुरू होतो. तिचं गाणं त्या आवाजाखाली चिरडलं जातं. मी तिची लय धरायला शिकलो. शेवटच्या ओळीखाली हलका ठोका, तिच्याच चालीने. बेस नंतर.

कोन गावातल्या एका हळदीत ते पूर्ण जमलं. धवलारीण म्हातारी होती. तिची ओळ संपली आणि तिच्याच लयीत मांडव नाचू लागला. ती स्वतःही नाचली. मग तिने माईक मागून घेतला. मी आवाज उतरवला.

“कुनी केलं रं यो? मना दाखवा त्याला.”

शेठने भाच्याला पुढे ढकललं.

मी ताडपत्री वर करून बाहेर आलो. अनवाणी. म्हणालो, “आजी, मी वाजवलं.”

“वायरवाला हाय यो,” शेठ म्हणाला.

“वायर डोक्यात शिरली वाटतं याच्या!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

धवलारीण माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने घरच्या माणसांकडे पाहिलं. आणि हळदीचं बोट भाच्याच्या कपाळाला लावलं.

मी मागे गेलो. माझा हेडफोन आणि पेन ड्राइव्ह काढला, चपला घातल्या.

“कुठं निघालास? हळद बाकी हाय अजून.”

“वायर बघून झाली, शेठ.”

भाचा स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन धावत ताडपत्रीमागे गेला. बटण दाबून त्याने दोन गाणी जोडली. ठोके आदळू लागले. मी रस्त्यावर थांबलो. वाटलं, आता यांना कळेल.

कुणी थांबलं नाही. लोक तसेच नाचत राहिले.

अपमानापेक्षा ते जास्त लागलं. मी कितीही शिकलो असतो, तरी ताडपत्री कधी हलणारच नव्हती. ती मी कसं वाजवतो म्हणून बांधलेलीच नव्हती. मी वाडीवरचा, म्हणून बांधलेली होती.

आता उलव्यात इमारतीच्या कामावर विटा वाहतो. दुसऱ्या कुठल्या डीजेने घेतलं नाही. शेठचा शब्द आधी पोचला होता. लग्नसराई लागली तेव्हा त्याचा फोन आला. “ये परत. मागं पंखा लावतो तुला.”

“ताडपत्री काढा. येतो.”

“डोकं फिरलंय तुझं,” म्हणून त्याने फोन ठेवला.

वाडीवर मोबाईल आणि एका फुटक्या स्पीकरवर रोज सराव करतो. बोटं जड झालीत, ठोका चुकतो. पुन्हा धरतो. हे आता कुणाला पटवण्यासाठी नाही. वाजवीन तर तोंड लोकांकडे करून वाजवीन. तशी जागा कुणी दिली नाही, तर विटा वाहीन. ताडपत्रीमागे माझा हात पुन्हा चालणार नाही.