डाव्या वळणावर शेवंती

आमच्या आतोबांइतका उत्साही माणूस सगळ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि तो सगळा उत्साह घोडीच्या एकाच चालीवर उधळणारा तर जगात नसेल. हे मी जरा भीतभीतच लिहितो आहे, कारण जग मी पाहिलेलं नाही. आतोबांना मात्र जवळून पाहिलं आहे. ते माझ्या आत्याचे यजमान. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून बी.एस्सी.साठी त्यांच्या बजाजनगरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. त्या दिवशी त्यांनी मला ट्रंकही खाली ठेवू दिली नाही. "फिजिक्स घेतलं ना? मग सांग, पळत्या घोडीचा तोल कुठं असतो?" मी म्हणालो, "अजून तो धडा झाला नाही, आतोबा." ते म्हणाले, "मग लवकर होऊ दे. घोडी खोळंबलीय."

घोडी म्हणजे शेवंती. आतोबांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे; सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर. पुढं मेंढरं विकली, तळ मोडला, आतोबा वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागले, आणि त्या साऱ्या पसाऱ्यातून एवढी एक घोडी उरली. वाळूजच्या पलीकडं ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात ती बांधलेली असायची. एकदा छावणीतले एक निवृत्त रिसालदार तिकडून जाताना थांबले, तिला पळताना पाहिलं आणि म्हणाले, "घोडी तो बढिया है मियाँ, मगर कँटर में तोल नई." झालं! त्या दिवसापासून आतोबांच्या डोक्यात दुसरा विषय शिरला नाही. कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची आणि भरधावच्या अलीकडची चाल. तीन टापा पडतात आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. शेवंती उजवीकडं वळताना ही चाल झकास धरायची. डावीकडं वळायला लागली की आतल्या अंगाला कलंडायची, पाय चुकायचे आणि पुन्हा धडधड दुडकीवर यायची.

शिफ्टच्या बसमध्ये आतोबा पुढच्या सीटच्या दांडीवर बोटांनी ती चाल वाजवायचे. "तगडक, तगडक! ऐकलं का? आता ही आपली शेवंती, तगडक, तग, डक, धप्प!" अख्ख्या बसला ती चाल पाठ झाली होती, ड्रायव्हरसुद्धा गतिरोधक आला की "धप्प!" म्हणून ओरडायचा. लग्नाच्या पंगतीत ते पत्रावळीवर वाजवायचे. चालत्या माणसाकडं तर ते साध्या नजरेनं बघूच शकत नसत. माझ्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा सगळे शिक्षण आणि नोकरी विचारत होते, आणि आतोबांनी मुलाला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. मग माझ्या वडिलांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरगा लई चांगला हाय, मेव्हणं. फकस्त डाव्या वळणावर जरा आत पडतोय." मुलगा खो खो हसला म्हणून ते लग्न जमलं, नाहीतर माझे वडील आतोबांशी बोलले नसते.

उपाय तर किती केले! रानात फक्कीनं मोठं रिंगण आखलं. त्यावर दहा ढांगा कँटर, मग दुडकी, पुन्हा दहा ढांगा, असं तासन्‌तास. जमिनीवर बांबू मांडून त्यावरून नेलं. चढावर पळवलं, म्हणजे मागच्या पायांवर जोर येईल. लगाम ओढला जाऊ नये म्हणून दोन्ही मुठींत लगामाबरोबर एकेक कच्चं अंडं धरलं. घरी आले तेव्हा कोपरापर्यंत पिवळे झाले होते. आत्या दारातच म्हणाली, "घोडीला आमलेट शिकवताय व्हय?" आतोबा आनंदानं म्हणाले, "अगं, उजवीकडं एक बी फुटलं नाय!"

मग एके दिवशी डाव्या वळणावर शेवंती अशी कलंडली, की आतोबा थेट बांधाच्या दगडांवर गेले. गळ्यापाशीचं हाड मोडलं. दीड महिना हात झोळीत. आत्या तेव्हा ओरडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाली, "अजून एकदा पडलात, तर घोडी वरातवाल्याच्या दावणीला. मी स्वतः नेऊन बांधीन." आतोबांचा चेहरा उतरला. बँडबाजाच्या पुढं, माळा घालून, जागच्या जागी नाचणारी शेवंती! झोळीतला हात सांभाळत ते मला म्हणाले, "मास्तर, आता तुमच्या फिजिक्सवरच हाय सगळं." मी रात्रीच्या रात्री पुस्तक चाळलं. त्यात गुरुत्वमध्य होता, घोडी नव्हती.

उत्तर मला कॉलेजात नाही, कारखान्यात सापडलं. वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात, तेव्हा मी आणि आत्या गेलो. आतोबा तेव्हा रजेवर होते, तरी हौसेनं झोळीतल्या हातासकट मशीनपाशी उभे राहिले आणि एका हातानं काम करून दाखवू लागले. उजवा पाय पायडलवर. पाय दाबला की ठण्ण, पत्रा बाहेर. पुन्हा ठण्ण. आणि सगळं अंग डाव्या पायावर, डावी कंबर खाली, डावा खांदा खाली. बारा वर्षं, आठ-आठ तास. मी बघतच राहिलो. आतोबा घोडीवरही असेच बसत होते, सगळा भार डावीकडं!

त्यांना मी कसं सांगणार, की चूक घोडीत नाही, तुमच्यात आहे? पण हात बरा झाल्यावर पहिल्याच रविवारी ते खोगीर घेऊन निघाले, आणि मी रानात पोचल्यावर अडखळत सगळं सांगून टाकलं. आतोबांनी वाकून स्वतःच्या पायांकडं पाहिलं. डाव्या पायावरचा भार उजव्यावर घ्यायचा प्रयत्न केला. अंग आपोआप परत डावीकडं आलं. मग एकदम ओरडले, "अरं लेका! म्हणजे शेवंती चांगली हाय!" आणि माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की माझाच तोल गेला. दुसऱ्या क्षणी ते आत्याकडं वळले. पुन्हा पडतात का हे बघायला ती मुद्दाम सोबत आली होती.

"तू बस."

"मी? ह्या वयात? डोकं फिरलं काय?"

"बापाच्या बिऱ्हाडात घोड्याच्या पाठीवर झोपायचीस की तू. मी आता बसणार नाय, म्हंजी पडणार बी नाय. तुझी अट तुझ्यापाशी. एकदा डावीकडं फिरव, मग जे करायचं ते कर."

आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळा, तोंड तिकडं कर." मी तिकडं केलं. परत वळलो तर ती पदर खोचून खोगिरावर, पाठ ताठ, जणू कालच उतरली होती! आतोबा रिंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. चाल, दुडकी, आणि मग डावीकडं, "सोड!" शेवंतीनं कँटर धरली. एक फेरी. दुसरी. तिसरी. कुठंच कलंडणं नाही, धडधड नाही, झोपाळ्यासारखी आपली सरळ चालली होती! मी टाळ्या वाजवत होतो, आतोबा त्या रिंगणात गरागरा फिरत, टोपी उडवत, "बघ! बघ! बघ!" करत होते. आत्या खाली उतरली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. वरातवाल्याचं नाव तिनं काढलं नाही. नुसतंच विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

परतताना आतोबा मागं रेंगाळत होते. आनंद तर इतका होता की तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. पण लिंबाच्या झाडापाशी ते थांबले आणि हळूच आत्याला म्हणाले, "अगं, ती डावीकडं नीट वळते तवा वर बसल्याला कसं वाटतं?" आत्यानं खोचलेला पदर सोडून नीट केला.

"सांगता नाय येत," ती म्हणाली.

"असू दे," आतोबा म्हणाले. "उद्या परत बस. मग सांग."