ह्यांचे एकशेदहा

आमचे हे गोदीत पाणबुडे आहेत, पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ घासतात. स्वभावाने इतके चिक्कू की संपलेली टूथपेस्टची ट्यूब कापून आतून पुसून घेतात. श्वासही तसाच, मोजूनमापून. जोडीला माझा धाकटा भाऊ असतो. तो जेवतो तसाच श्वास घेतो, भरपूर. दोघांच्या मनगटावर अगदी सारखे डाइव्ह कॉम्प्युटर. आपल्या टाकीत किती हवा उरली, तो आकडा ज्याच्या त्याच्या टाकीच्या तोटीवरल्या यंत्राकडून बिनतारी त्यावर येतो. आकडा दोनशे असताना उतरायचं, सत्तर दिसले की वर निघायचं. रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधी हे मला सांगणार, "माझे एकशेदहा उरले. तुझ्या भावाचे सत्तर." वीस वर्षं मी हे कौतुकाने ऐकते आहे, म्हणजे तसा चेहरा करते आहे.

गेल्या महिन्यात एकदा मात्र जहाजाखाली ह्यांचा आकडा भराभर उतरायला लागला. एकशेवीस, शंभर, ऐंशी. शेजारी मेहुणा मजेत घासतोय. ह्यांना वाटलं, झालं, आपलं वय झालं. सत्तर दिसले तरी हे थांबून राहिले. वर जायची खूण आधी आपण करायची म्हणजे मेहुण्यापुढे नाक कापून घेणं. साठ झाले तेव्हा कुठे ह्यांनी अंगठा वर केला. मेहुण्याने आपलं मनगट ऐटीत ह्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यावर एकशेवीस होते. हे मुकाट्याने त्याला घेऊन वर आले.

बोटीवर मुकादमाने नेहमीप्रमाणे टाक्यांना काट्याचं मीटर लावलं. ह्यांच्या टाकीत एकशेदहा निघाले, आणि माझ्या भावाच्या टाकीत पंचेचाळीस.

आदल्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटर गोड्या पाण्यात धुऊन मीच पिशव्यांत भरले होते, चुकून अदलाबदल करून. पाण्याखाली प्रत्येक जण दुसऱ्याची हवा बघत होता. संध्याकाळी दोघांनी घरी येऊन मला हे सांगितलं.

"भावोजींनी वर आणलं नसतं तर मी खुशाल घासत बसलो असतो," भाऊ म्हणाला.

तो गेल्यावर हे हळूच म्हणाले, "सत्तर दिसले तेव्हाच निघायला हवं होतं गं. लाजेपायी थांबलो. आणि जात होती ती त्याची हवा."

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी भावाच्या कॉम्प्युटरच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला. दोरा जुन्या टॉवेलातून उसवलेला, नवा कशाला आणायचा. आणि हल्ली चपला काढायच्या आधी हे एकच आकडा सांगतात, माझ्या भावाचा.