धाकटीचा पाळणा

"मी पडले ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही?"

"तू उत्तर देत नव्हतीस. मला वाटलं, रुसलीस."

"रुसायला काय झालं होतं? तुम्ही कांद्यांबद्दल बोलत होता."

"मग कांद्यांबद्दल तरी हूं म्हणायचं."

"म्हणत होते की, रस्त्यात बसून. ऐकायला तुम्ही होता कुठं?"

पलीकडच्या खोलीतलं हे भांडण मी मुद्दाम ऐकलं नव्हतं. भिंत पातळ होती आणि भाऊजींचा आवाज जाड. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर, पाणीपुरवठ्यात फिटर. लग्न नवं होतं, आणि त्याच सुमाराला कुठल्याशा म्हाताऱ्या डॉक्टरांची मोटारसायकल ते घरी घेऊन आले होते. तेव्हाच ती इतकी जुनी होती, की आमचे सासरे म्हणाले, "तू हिला आणलंस की हिनं तुला आणलं?" तर त्या गाडीवर मागे धाकटीला, म्हणजे माझ्या जावेला, बसवून स्वारी बाजाराला निघाली. खड्डा आला, धाकटी उडाली ती थेट रस्त्यावर. हे महाशय बोलतच पुढे. चौकात कुणीतरी विचारलं, एकटेच कुणाशी बोलताय, तेव्हा यांनी मागे वळून पाहिलं. धाकटी एक चप्पल हातात आणि एक पायात घेऊन, सोललेल्या कोपरानं घरी आली.

भांडणाच्या शेवटी ती म्हणाली, "यापुढं बसेन तर तुम्हाला दिसेन अशा जागी."

म्हणून भाऊजींनी भंगारातून साइडकार शोधून आणली. एक चाक, आणि त्यावर टपासारखी बसायची जागा. गाडीच्या बाजूला बोल्ट मारून ती जोडली. आमच्या सासूबाई तिला पाळणा म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. गादी धाकटीनं स्वतः शिवली. तिचं कामच ते. दाताच्या दवाखान्यातली खुर्ची, नाटकगृहातल्या खुर्च्या, दुकानांतली स्टुलं, ज्याचं ज्याचं रेक्झिन फाटायचं ते तिच्याकडं यायचं. पुढच्या खोलीत तिचं मशीन, त्याला खिळ्याएवढी सुई. शिवताना तिच्या तोंडात दोरा असायचा म्हणून ती कमी बोलते असा लोकांचा समज होता. तसं काही नव्हतं. दोरा काढल्यावर कळायचं.

त्या पाळण्याची एक खोड होती. त्याच्या बाजूला वळायचं झालं, की त्याचं चाक रस्ता सोडून वर यायला बघायचं. मग आतल्या माणसानं अंग बाहेर झोकायचं, म्हणजे चाक खाली. हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा चाक उचललं तेव्हा ती घाबरून बाहेर कलली, चाक खाली टेकलं, आणि तेव्हापासून वळण दिसलं की ती कलायची. हातातलं शिवण न सोडता. भाऊजी एकटेच कामाला निघाले तर तिच्या जागी रेतीचं पोतं ठेवायचे.

"पोतं बरं," ते म्हणायचे, "भाजीवाल्यापाशी थांबा म्हणत नाही."

"घरी आल्यावर तुमचे मोजेही धूत नाही," ती म्हणायची.

अशी वर्षं गेली. दोघांचं बरं चाललं होतं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझा राग पुढचा आहे.

धाकटीला बंद गाडी सोसत नाही. बस सुरू झाली की तिचं तोंड पांढरं पडतं, पुढचा थांबा येईपर्यंत पिशवी तोंडाशी. आगगाडीतही तेच. गोळ्या झाल्या, आलं झालं, लिंबू झालं, सगळं खाल्लेल्या अन्नाबरोबर बाहेर आलं. पाळण्यात मात्र तोंडावर वारा असतो, तिथं तिला काही होत नाही. आणि तिची थोरली बहीण राहते लांब, समुद्राकाठी, हा मोठा रस्ता जिथं संपतो तिथं. आई लवकर गेली, धाकटीला त्या बहिणीनंच वाढवलं. ती बहीण आता अंथरुणाला खिळली होती. फोनवर धाकटीला "आई" म्हणायला लागली होती. धाकटी फोन ठेवून मशीनवर बसायची आणि मशीन इतक्या जोरात चालवायची, की माझ्या फळीवरची भांडी वाजायची.

भाऊजींचा शब्द होता, "निवृत्त झालो, की तुला पाळण्यातून घेऊन जातो."

झाले निवृत्त. गाडी उघडली. घर म्हणजे गॅरेज झालं. माझ्या परातीत चेन बुडवून ठेवलेली, खिडकीत प्लग वाळत घातलेले, चहा गाळायला गेले तर गाळणीला पेट्रोलचा वास. कार्बोरेटरची एवढीएवढी भोकं साफ करायला त्यांनी माझ्या शिवणाच्या सुया पळवल्या. टाकी आतून गंजली होती. गंज झडावा म्हणून त्यात मूठभर नट टाकले, तोंड बांधलं, आणि नवराबायको दोन बाजूंनी धरून अंगणात ती हलवत बसले. खडखड, खडखड, सकाळपासून.

"हळू हलवा," मी म्हटलं, "बाळ झोपायच्याऐवजी उठून बसेल."

धाकटी हसता हसता टाकी सोडून बसली आणि भाऊजी एकट्यानं ते धूड पोटाशी धरून उभे. चाकांच्या तारा आवळल्या, क्लचच्या दोन जादा वायरी घेतल्या, ब्रेक नवे केले. धाकटीनं पाळण्याची गादी उसवून पुन्हा भरली, वर ताडपत्रीचं छप्पर शिवलं, बाजूला एक खोल खिसा केला. बहिणीसाठी विणलेली शाल त्यात घडी करून ठेवली. निघायच्या कितीतरी आधी.

मग ते गॉगलवाले उगवले.

जुन्या गाड्यांचा एक क्लब होता. ती मंडळी त्याच रस्त्यानं समुद्रापर्यंत जाणार होती. रस्त्यात काही बिघडलं तर सोबत बरी, म्हणून भाऊजींनी त्यांच्यात नाव घातलं. यात चूक काही नव्हती, मीच म्हटलं होतं, सोबत घ्या. त्या क्लबचे प्रमुख गाडी बघायला आले. घरातसुद्धा गॉगल. मी चहा ठेवला, धाकटी तो घेऊन बाहेर गेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि बुटाच्या टोकानं पाळण्याला टकटक केलं.

"हे काढा."

"का?" भाऊजी म्हणाले.

"कंपनीतून गाडी निघाली तेव्हा हे नव्हतं. आमचा बिल्ला अस्सल गाडीलाच मिळतो. आणि या ओझ्यानं तुम्ही मागे पडणार. आम्ही काय घाटात तुमची वाट बघत बसायचं?"

"पण हिला..."

"वहिनी बसनं येतील की. आजकाल गोळ्या मिळतात." आणि गॉगल धाकटीकडं वळला. "काय वहिनी? चहा फक्कड झालाय."

चहा मी केला होता, तेही असो. मला राग त्या गॉगलवाल्याचा फारसा आला नाही. परका माणूस, त्याला काय माहीत. पण भाऊजी? साहेबानं खराब पाइप पास करा म्हटलं, तर भर रस्त्यात त्याच्याशी भांडलेला हा माणूस. त्यानं बिल्ल्यासाठी होकाराची मान हलवली. बायको हातात ट्रे घेऊन समोर उभी, आणि यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन बोल्ट काढले. पाळणा बाजूला ओढून भिंतीला टेकवला. धाकटी म्हणाली, "बरं." एवढंच. दोरा तोंडात नसताना. मग तिनं पाळण्यातली गादी उचलली, स्वयंपाकघरात आणून टाकली आणि तिच्यावर बसून भाजी निवडायला लागली. शाल कपाटात ठेवली.

मला राहवेना. मी अंगणात गेले.

"भाऊजी, बहीण कुणाची आहे?"

"वहिनी, पुढच्या वर्षी नेतोच आहे की तिला."

"पुढच्या वर्षी ती बहीण हिला ओळखणार आहे का? आत्ताच आई म्हणते."

"तुम्हाला गाडीतलं कळत नाही."

"गाडीतलं नसेल कळत. दिलेला शब्द कळतो."

ते प्लग पुसत बसले. तो प्लग आधीच लखलखत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांना दोन दिवस मी जेवायला वाढलं, पण भात वाढताना पळी ताटावर आपटून.

मग चाचणीचा दिवस आला. गॉगलवाले आणि क्लबची आणखी दोन-तीन माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी. भाऊजींनी कातडी जाकीट घातलं, किक मारली. गाडी काय सुरेख बोलली, ते मी नाकारत नाही, तयारीच तशी होती. सरळ रस्त्यावर ते राजासारखे गेले. पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे. तिथं त्यांनी हँडल वळवलं, इतकी वर्षं वळवत आले तसं. पण तीन चाकांची गाडी नुसतं हँडल वळवून वळते, दोन चाकांची वळताना अंग कलवावं लागतं. ते त्यांच्या अंगातून केव्हाच गेलं होतं. आमच्या घरात कलायचं काम धाकटीकडं होतं. हँडल एकीकडं, गाडी भलतीकडं, आणि भाऊजी सरळ धोबिणीच्या दोरीवरच्या ओल्या चादरींत.

चादरीतून फक्त बूट दिसत होते. धोबीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, वाळल्यावर यायचं ना. इस्त्री करून दिली असती."

गल्ली हसली. धाकटी दारात होती, ती हसली नाही. जाऊन त्यांच्या कोपराला औषध लावलं आणि परत मशीनवर बसली. मला तर वाटतं घरातली मी एकटीच त्या दिवशी पोटभर हसले, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आपण चुकलो हे त्यांना तेवढ्यानं कळलं असेल तर शपथ. आधी टायरला दोष दिला, मग रस्त्याला. मग पुढचा सगळा भाग उघडून पुन्हा बसवला. रोज मैदानात सरावाला जायचे आणि रोज नवीन ठिकाणी खरचटून यायचे. गुडघा, तळहात, एकदा कानसुद्धा. कान कसा खरचटतो हे मी अजून समजू शकलेले नाही. निघायचा दिवस जवळ आला, तेव्हा एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पोळ्या लाटत होते, धाकटी त्या गादीवर बसून शेंगा सोलत होती.

"अगं, ते बोल्ट कुठं ठेवलेस?"

"कुठले?"

"पाळण्याचे. लावावा म्हणतो. गाडी वळत नाही."

"रेतीचं पोतं अंगणात आहे," धाकटी म्हणाली.

"पोतं कलत नाही," ते म्हणाले.

माझं लाटणं थांबलं. आता तरी हा माणूस नीट बोलेल असं मला वाटलं होतं, आणि यांनी हे सांगितलं.

"म्हणजे कलायला हवी म्हणून मी," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही, शेंगा सोलणंही थांबवलं नाही. "ताईला भेटायचंय म्हणून नाही. रस्त्यात माझ्याऐवजी कलणारं दुसरं काही मिळालं, तर मला कुठल्या गावात उतरवणार?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. ज्यांच्यासमोर मान हलवलीत, त्यांच्यासमोर सांगा. मग बोल्ट."

रविवारी क्लबवाले पुन्हा आमच्या पुढच्या खोलीत आले. या वेळी चहा न्यायला मी गेले, आणि ट्रे ठेवून तिथंच उभी राहिले. कुणी बसा म्हटलं नाही, मी गेलेही नाही.

भाऊजींनी कप हातात घेतला, खाली ठेवला. "ही येणार आहे," ते म्हणाले. "पाळण्यातून."

"मग बिल्ला नाही," गॉगलवाले म्हणाले.

"नको."

"सगळ्यांच्या मागे राहाल."

"राहू."

"अहो, पण कशासाठी? चार दिवस सराव केला असता तर..."

"केला. मला एकट्याला वळता येत नाही." भाऊजींचे कान लाल झाले होते, त्यातला एक आधीच होता. "पण ते सोडा. वळता आलं असतं तरी हिला न्यायलाच हवं होतं. हिची बहीण तिकडं पडून आहे. हिला तिच्याकडं नेतो असा शब्द मी दिला होता. तुम्ही येऊन हे काढा म्हणालात, आणि मी काढलं. तुमची काही चूक नाही. माझी आहे."

क्लबातला एक म्हातारा चहात बघत म्हणाला, "मीही मागेच असतो. माझी गाडी चढावर गरम होते. बरोबर राहू."

गॉगलवाल्यांनी खांदे उडवले. मला काही गहिवरून वगैरे आलं नाही. एवढं साधं बोलायला या माणसाला आधी चादरींत पडावं लागलं, याचा मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. धाकटीनं मात्र मशीनचा खण उघडला. सुयांच्या डब्याशेजारी फडक्यात बोल्ट बांधलेले, तेल लावलेले.

"तेल कधी लावलंस?" भाऊजींनी विचारलं.

"काढलेत त्याच दिवशी. गंजले असते."

निघायच्या सकाळी मी त्यांना चौकापर्यंत पोहोचवायला गेले. क्लबच्या गाड्या रांगेत उभ्या, इंजिनं सुरू, धूर, गॉगलवाले पुढे घड्याळ बघतायत. धाकटी पाळण्यात, शाल खिशात, आणि मांडीवर न्हाव्याच्या खुर्चीची गादी. ती तिनं आदल्या दिवशी शिवून पुरी केली होती.

"अहो, न्हाव्यापाशी थांबवा."

"आत्ता?"

"नाहीतर त्याची खुर्ची आपण येईपर्यंत उघडी राहील. गिऱ्हाईक काय फळीवर बसणार?"

भाऊजींनी चौकातच न्हाव्याच्या दारात गाडी थांबवली. ती उतरली, दुकानात गेली, गादी खुर्चीत बसवली, चारी कोपरे मुठीनं ठोकले. बाहेर रांगेतून एक भोंगा वाजला, मग दुसरा. तिनं न्हाव्याला खुर्चीत बसवलं.

"डावीकडं जरा उंच वाटतंय," तो म्हणाला.

ती वाकली, बोटानं चाचपलं, पिशवीतून वाकडी सुई काढली आणि दोन टाके घातले. दोरा दातानं तोडला.

"आता?"

"आता बरोबर."

"ओल्या फडक्यानं पुसायची नाही," तिनं सगळ्यांना सांगते तसं त्याला सांगितलं. "कोरड्यानंच. आणि उभं राहून बल्ब बदलायला हिच्यावर चढायचं नाही."