दत्तूचं नाव कर्ण्यावर

गिरणी सुटून जमाना झाला, पण साळखात्यातली, म्हणजे विणाईकडची, आम्ही जुनी टाळकी एकत्र बसलो की दत्तूचे किस्से निघतातच. एक सांगायला घ्यावा तर मागचे चार ढकलाढकली करायला लागतात. नुसते चंद्राचेच घ्या!

सत्तरचं दशक संपत आलं होतं. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. त्या साली मुंबईच्या एका शेठनं गड्ड्यात नवंच यंत्र आणलं. टीव्हीसारखी काच, काळ्या आकाशात इवलंसं यान, खाली खाचखळग्यांचा चंद्र. दांडा ओढला की यानाखाली जाळ निघायचा आणि ते सावरायचं, सोडला की ते खाली पडायचं. जाळ जास्त केला तर तेल खलास! एकट्यानंच खेळायचं आणि सपाट जागी अलगद उतरायचं. जो उतरेल त्याचं नाव शेठ कर्ण्यावरून अख्ख्या जत्रेला ऐकवायचा.

आमचा दत्तू मंगळवेढ्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं ध्यासच घेतला. गड्डा उठायच्या आत आपलं नाव कर्ण्यावर यायला हवं आणि ते रखमानं, त्याच्या बायकोनं, ऐकायला हवं.

"गिरणीत शिट्टी मारून बोलवत्यात," तो म्हणायचा. "नाव कोन घेतंय? एकदा तरी मोठ्यांदा ऐकू दे की!"

* * *

पहिल्या खेळात यान आपटून त्याचे तुकडे झाले. दत्तू शेठपुढं हात जोडून उभा!

"मोडलं वो शेठ! माफ करा."

शेठ हसला. "अरे, पुन्हा खेळ. दुसरं येतं."

दत्तूला ते पटेना. "दुसरं कसं येतंय? आत मानूस होता की!"

* * *

शेठला गलका खपायचा नाही. कुणी मागून सल्ला दिला की तंबूबाहेर! पण गिरणीत मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आमचं सगळं बोलणं ओठांवर. दत्तूच्याच मागावर दुसऱ्या पाळीला तेलुगू घरातला अंबादास असायचा. तो यंत्राशेजारी उभा राहून आवाज न काढता ओठ हलवायचा : हळू... सोड... ओढ!

शेठला राहवेना. त्यानं मला विचारलं, "हे गृहस्थ कसला जप करतात?"

मी म्हटलं, "तेलुगूत आहे, मलाही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी शेठनं अंबादासला बसायला खुर्ची दिली!

* * *

घरीसुद्धा दत्तूला चैन नाही. शुक्रवार पेठेतल्या त्याच्या खोलीवर मी एकदा जेवायला होतो. उजव्या हातात घास आणि डावा हात मांडीवर दांडा ओढतोय. रखमा भाकरी वाढायला वाकली तर हा ओरडला, "हळू! हळू! आपटंल!"

रखमा म्हणाली, "भाकरी हाय ही. गिळा गुमान!"

* * *

सय्यदभाई आमचे जॉबर. माग दुरुस्त करायचे आणि आम्हाला झापायचे. एकदा तेही खेळायला उभे राहिले. त्यांनी सगळं तेल सुरुवातीलाच जाळलं, यान दगडासारखं खाली आलं. खात्यातली माणसं बघत होती! सय्यदभाईंनी चेहरा जराही हलू दिला नाही.

"दांडा सुखा है. मशीन को तेल नै देते, फिर आदमी क्या करेंगा?"

आणि शेठ ओरडेपर्यंत खिशातल्या कुपीतलं तेल दांड्याच्या खाचेत सोडलंसुद्धा! दिवसभर दांडा इतका सुळसुळीत, की जो खेळेल त्याचं यान वर कुठंतरी निघून जायचं. दत्तू रडकुंडीला आला.

"मला चंद्रावर जायचंय वो, शनीला न्हाय!"

* * *

शेवटचा दिवस रविवारचा. शेठ संध्याकाळी तंबू गुंडाळणार. आमच्या गिरणीला सुट्टी. दत्तूनं रखमाला नवं लुगडं नेसवून आणलं आणि बाहेर कर्ण्याखाली उभं केलं. "हितनं हलू नगंस!"

आत तो सारखे तळवे पायजम्याला पुसतोय. मलाही एका जागी उभं राहवेना. यान सपाट जागेवर आलं. खाली... आणखी खाली... तेल अगदी तळाला.

आणि पलीकडच्या गिरणीचा भोंगा झाला!

पाळी बदलताना आमच्यात चालता माग थांबवत नाहीत. जाणारा हात काढतो, येणारा हात घालतो. भोंगा झाला, दत्तूनं दांडा सोडला, बाजूला झाला आणि खुंटीवरचा डबा शोधायला लागला! अंबादास तसाच पुढं सरकला, दांडा धरला, हलकेच ओढला. यान टेकलं!

"सोलापूरचे अंबादास चंद्रावर उतरले होऽ!" शेठ कर्ण्यावर गरजला.

अंबादासनं त्याच्या हातातला माईकच धरला. "न्हाय वो! पाळी त्याची होती!"

शेठ ऐकेना. "दांडा ज्याच्या हातात, त्याचं नाव!"

दत्तू मोकळ्या हाताकडं बघत उभा. त्याचं तोंड मला बघवेना.

तेवढ्यात गर्दी सारत रखमा आत आली. तिनं अंबादासकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, माईक ओढून घेतला आणि अख्ख्या गड्ड्याला ऐकू गेलं :

"दत्तोबाऽऽ! भावजी उतरले, आता तुमी बी उतरा आन् घरी चला!"