पाटावर बसून निवडलेला आवाज

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी माझ्या रणगाड्याच्या आवाजाचं कौतुक केलं, की मी विषय बदलायचो. आता सांगतो, तो आवाज माझा नव्हता.

निवृत्तीनंतर मी रिमोटवर चालणारे छोटे रणगाडे बनवू लागलो. सांगाडा जमला, पट्टे जमले, आवाज काही जमेना. इंजिनाचं रेकॉर्डिंग अस्सल होतं, पण स्पीकर मी दुकानातला सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा आणला होता.

शेवटी वडगावच्या मित्राला बोलावलं. सैन्यात त्यानं अर्धं आयुष्य रणगाडा चालवलेला. त्यात एक कान गेला, दुसरा अधू झाला. माझं यंत्र सुरू झालं तसा तो हसायलाच लागला.

"गड्या, ह्यो रणगाडा हाय का मिक्सर?"

"तुला ऐकू तरी येतंय का?" मी चिडलो.

"कानानं कोण ऐकतंय? रणगाडा बुडाला कळतो. पाट आण की."

जेवायच्या पाटाच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला रणगाडा. मी एकेक स्पीकर जोडायचो, तो डोळे मिटून बसायचा. पाट थरथरला नाही की, "काढ, नुसता बोंबलतोय." असे आठ-नऊ बाद झाले. पास झाला तो जुन्या टीव्हीतला, कडेला मऊ रबर असलेला, आवाजाला बेताचाच. तरी त्याचं समाधान नव्हतं. "मागनं निघणारा आवाज पुढच्याला खातोय," म्हणत त्यानं स्पीकरची पाठ प्लॅस्टिकच्या डबीत डिंक लावून बंद केली आणि तोंड रणगाड्याच्या तळाच्या भोकांवर खाली केलं.

मग सुरू केला. पाट घुमला. तो ताठ झाला, आणि त्याचे पाय नकळत फरशीवर पेडल शोधू लागले. इतका जाणता माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढं कोल्हापुरात हौशी लोकांचं प्रदर्शन भरलं. आमच्या रणगाड्याभोवती गर्दी. एकानं विचारलं, "स्पीकर कुणी निवडला?" मित्र शेजारीच उभा होता. त्याला ऐकू जात नाही असं धरून मी म्हणालो, "मीच. कान लागतो त्याला."

निघताना तो एवढंच बोलला, "पावणं, बॅटरी काढून ठेवा. फुगंल."

तीस वर्षं मी त्याचा गड्या होतो. त्या दिवशी परका झालो.

माफी मागायला वडगावला गेलो, तोवर त्याचा उरलेला कानही गेला होता. अंगणात सून, शेजारी, दोन-तीन पाहुणे. बोलायचं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागणार. मी रणगाडा त्याच्या बाजेवर ठेवून चालू केला. त्यानं वर तळहात ठेवला.

"घुमतोय की अजून आवाज, पावणं."

मी तोंड उघडलं आणि ओरडलो, "चहा झाला का?"

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. मला ओरडायचं होतं ते एवढंच: चुकलो गड्या, आवाज तुझा हाय.